अलर्ट रायगडला, पाऊस नक्की कुठे? द्रोणागिरीवरचा ढग आणि मोबाईलवरचा अंदाज, दोन्ही कसे वाचायचे

उरण / पनवेल : पावसाळ्यात सकाळी मोबाईल उघडला की ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो, 'रायगड जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट'. शाळा सुटणार का, लाँच चालू आहे का, कामावर जायचं की नाही, यावर तासभर चर्चा होते. दुपार होते आणि करंजाच्या धक्क्यावर लख्ख ऊन असतं. टिपूससुद्धा पडलेला नसतो. "हवामानवाल्यांचं काही खरं नाही," असं म्हणून विषय संपतो.

याच्या उलटही घडतं. मेसेज काहीच नसतो आणि चिरनेर-कोप्रोलीकडे तासाभरात शेतं तुंबतात.

असं चार-पाच वेळा झालं की माणसं अलर्ट वाचायचंच सोडतात. खरा धोका तिथे सुरू होतो, कारण सहाव्या वेळचा अलर्ट आपल्यासाठीच असू शकतो. अंदाज कधी कधी चुकतो, हे खरंच. पण अनेकदा अंदाज बरोबर असतो आणि तो आपण वेगळ्या जागेसाठी वाचलेला असतो. हे समजायला ढग कसा तयार होतो, तिथूनच सुरुवात करावी लागते.

पंधरा तालुके, रंग एकच

रायगड जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन समुद्राला लागून. कर्जत, खालापूर, पोलादपूर सह्याद्रीच्या कुशीत. पनवेलचं एक टोक खाडीत, तर दुसरं प्रबळगडाच्या पायथ्याशी. या सगळ्यांना मिळून हवामान खातं एकच रंग देतं. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांसाठी घाटमाथ्याचा इशारा वेगळा निघतो. रायगडमध्ये किनारा आणि घाटपायथा एकाच रंगात येतात.

त्यामुळे 'रायगडला ऑरेंज' याचा अर्थ 'उरणला आज नक्की धो धो' असा होत नाही. जिल्ह्यात कुठेतरी अति मुसळधार पाऊस होण्याची दाट शक्यता आहे, तयारीत राहा, एवढाच तो अर्थ. ते 'कुठेतरी' बहुतेक वेळा कुठे असतं, हे वारा आणि डोंगर ठरवतात.

ढग म्हणजे काय?

हवेत पाण्याची वाफ कायम असते, ती डोळ्यांना दिसत नाही. फ्रीजमधली बाटली बाहेर काढून ठेवली की तिला बाहेरून घाम फुटतो. ते पाणी बाटलीतून झिरपलेलं नसतं. आजूबाजूच्या हवेतली वाफ गार काचेला लागून पाणी झालेली असते. गरम हवेत वाफ जास्त मावते, गार हवेत कमी. हवा गार होत गेली की एका क्षणी वाफ मावेनाशी होते आणि थेंब तयार होतात.

आभाळात गार बाटली नसते. तिथे हवा वर चढते म्हणून गार होते. वर दाब कमी, त्यामुळे हवा पसरते आणि पसरताना थंड होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडली की व्हॉल्वजवळ गार लागतं, तोच प्रकार. कोरडी हवा दर किलोमीटरला साधारण १० अंशांनी गार होते. थेंब बनू लागले की गार होण्याचा वेग कमी होतो, कारण वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते.

थेंब बनायला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे बसायला जागा. हवेतले धूळ, धूर आणि मिठाचे अतिसूक्ष्म कण ही जागा देतात. उरणकरांना मिठाचा गुण वेगळा सांगायला नको. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. लाटा फुटताना उडणारे तुषार वाळले की मिठाचे कण वाऱ्यावर वर जातात आणि त्यांच्याभोवती ढगाचे थेंब जमतात. अरबी समुद्र ढगाला पाणीही देतो आणि कणही.

ढगातला एक थेंब साधारण ०.०२ मिलिमीटर एवढाच असतो. तो इतका हलका असतो की खाली पडायचं नावच घेत नाही, वाऱ्यावर तरंगत राहतो. असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले की पावसाचा एक चांगला टपोरा थेंब तयार होतो. म्हणूनच प्रत्येक ढग पाऊस देत नाही. नुसतं मळभ दाटतं, दिवसभर अंधारल्यासारखं राहतं आणि संध्याकाळी तसंच निघून जातं.

द्रोणागिरी झाकला जातो तेव्हा

जून-जुलैत करंजा, चाणजे, नागावच्या लोकांना रोजचं एक दृश्य ओळखीचं असतं. द्रोणागिरीचा माथा पांढुरक्या ढगात हरवतो आणि थोड्या वेळाने पुन्हा बाहेर येतो. सह्याद्रीच्या मानाने द्रोणागिरी ही टेकडीच. मग ढग इतके खाली कसे येतात?

पावसाळ्यात समुद्रावरून येणारी हवा आधीच वाफेने भरलेली असते. तिला फार वर चढावं लागत नाही. तीन-चारशे मीटर वर गेली की ढग, कधी त्याहूनही खाली. मे महिन्यात हवा त्या मानाने कोरडी असते, म्हणून ढगाचा तळ हजार मीटरच्या आसपास राहतो आणि द्रोणागिरी स्वच्छ दिसतो. माथा झाकला जाणं ही हवा वाफेने काठोकाठ भरल्याची खूण आहे. मात्र तेवढ्यावरून जोराचा पाऊस येईल असं सांगता येत नाही. नुसती भुरभुर पडूनही माथा दिवसभर झाकलेला राहू शकतो.

हाच नैऋत्येचा वारा द्रोणागिरीला वळसा घालून किंवा वरून पुढे जातो, कर्नाळा ओलांडतो आणि पस्तीस-चाळीस किलोमीटरवर माथेरान-प्रबळगडाच्या डोंगरांना धडकतो. तिथे त्याला सातआठशे मीटर वर चढण्यावाचून वाट नसते. हवा चढत राहते, गार होत राहते आणि पाणी सांडत राहते. म्हणून अलिबागसारख्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तर माथेरानला पाच हजारांच्या आसपास. घाट ओलांडून पुण्यात पोहोचेपर्यंत वाऱ्याची झोळी बरीच रिकामी झालेली असते, तिथे वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटरच पडतो.

जिल्ह्याचा अलर्ट खरा ठरतो आणि करंजात ऊन राहतं, त्याचं मोठं कारण हेच. ढग आपल्या डोक्यावरून गेलेला असतो, तो रिता पुढे होतो.

पण 'आपल्याकडे नाही ना' म्हणून निश्चिंत राहता येत नाही. माथेरानच्या डोंगरात पडलेलं पाणी गाढी नदीतून पनवेलला येतं. खोपोलीकडचं पाणी पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीला मिळतं. पनवेल बाजारात सूर्य दिसत असताना नदीचं पाणी वाढू शकतं. नदीकाठच्या गावांनी अलर्ट वाचताना डोंगरातल्या पावसाचाही विचार करायला हवा.

ढगाला तालुक्याची हद्द नसते

डोंगर हे एक कारण झालं. दुसरं कारण ढगाच्या आकारात आहे. जोराचा पाऊस देणारा एक ढग अनेकदा पाच-दहा किलोमीटर रुंदीचाच असतो. तो एका गावावर रिकामा होतो आणि शेजारचं गाव कोरडं राहतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण समोरच्याच किनाऱ्यावर घडलं आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४.२ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला फक्त ७३.४ मिलिमीटर. दोन्ही वेधशाळा एकाच शहरात, अंतर पंचवीसेक किलोमीटर. एकीकडे माणसं बुडाली आणि दुसरीकडे पावसाळ्यातला नेहमीचा दिवस होता. त्या दिवशी 'मुंबईत मुसळधार' एवढंच कुणी सांगितलं असतं, तर ते कुलाब्यासाठी फारच जास्त आणि सांताक्रूझसाठी फारच कमी ठरलं असतं.

मोबाईलमधला आकडा कुठून येतो?

अंदाज तयार करताना महासंगणक अख्ख्या पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकतो. प्रत्येक चौकटीत वारा, तापमान, दाब, वाफ यांचे आकडे भरतो आणि पुढच्या तासांचं, दिवसांचं गणित मांडतो. भारताचं मुख्य गणित आतापर्यंत १२ किलोमीटरच्या चौकटींवर चालायचं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' २६ मे २०२५ रोजी सुरू झाली. तिची चौकट ६ किलोमीटरची आहे.

सहा किलोमीटरची चौकट ही मोठीच सुधारणा. तरीही त्या एका चौकटीत द्रोणागिरीचा डोंगर, करंजाची खाडी, उरण शहर आणि थोडा समुद्र असं सगळं बसतं. संगणकाला त्या सगळ्याचं सरासरी चित्र दिसतं. फोनमध्ये आधीपासून असलेलं हवामानाचं ॲप बहुतेक वेळा परदेशी कंपनीचं असतं आणि तेही अशाच चौकटींवर चालतं. त्यात 'दुपारी ३ वाजता ६० टक्के' दिसलं, तर तीन वाजता पाऊस ठरलेलाच आहे असं समजू नये. अशी हवा दहा वेळा असली, तर साधारण सहा वेळा पाऊस होतो, असा त्याचा अर्थ.

अंदाज जितका लांबचा, तितका ढोबळ. पुढचे दोन-तीन दिवस बऱ्यापैकी भरवशाचे. पाच-सात दिवसांचा अंदाज पावसाचा जोर वाढणार की उघडीप मिळणार, हे सांगायला चांगला, पण गावाचं नाव घेऊन नाही. 'येत्या २० तारखेला अमुक गावात ढगफुटी' असा पंधरा दिवस आधी फिरणारा मेसेज सरळ पुसून टाकावा. तेवढ्या आधी तसं सांगण्याचं शास्त्र कुणाकडेच नाही.

सगळ्यात नेमका असतो तो पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा. तो रडारवर दिसणाऱ्या प्रत्यक्ष ढगांवरून दिला जातो. मुंबईत कुलाबा आणि अंधेरीजवळ वेरावली इथे डॉप्लर रडार आहेत, आणि उरण-पनवेल त्यांच्या टप्प्यात येतं. रडारचं चित्र हवामान खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतं. पाऊस कुठून कुठे सरकतोय, ते त्यात स्पष्ट कळतं.

शब्द नीट वाचा

हवामान खात्याच्या बातमीतला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो. आपण तो घाईत वाचतो आणि फसतो.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या चारपैकी जास्तीत जास्त एका ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे साधारण पाव ते निम्म्या ठिकाणी. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे जवळजवळ सगळीकडे. 'तुरळक ठिकाणी अति मुसळधार' असं लिहिलं असेल, तर आपलं गाव वगळलं जाण्याची शक्यताच जास्त असते. पण ज्या गावावर पडेल, तिथे तो कहर करू शकतो.

'मुसळधार' म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. 'अति मुसळधार' म्हणजे ११५.६ ते २०४.४. त्याच्या वर गेला की सगळ्यात गंभीर पायरी. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. म्हणून रात्री दोन वाजता झोडपलेला पाऊस दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात दिसतो.

रंगांचा अर्थ असा : यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. ग्रीन असेल तर इशारा नाही, पण पाऊस येणारच नाही असंही नाही.

बातम्यांत 'किनारपट्टीवर द्रोणीय स्थिती' असंही ऐकू येतं. त्याचा द्रोणागिरीशी काही संबंध नाही. जेवणाच्या द्रोणासारखा मधे खोलगट असा कमी दाबाचा लांबट पट्टा किनाऱ्याला समांतर तयार होतो, त्याला हे नाव आहे. तो गुजरातपासून केरळपर्यंत पसरलेला आहे असं ऐकलं की समजावं, समुद्रावरचा वारा जोर धरणार आणि कोकणात सलग सरी येणार.

शंभर मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस झाला की एका गुंठ्यावर सुमारे दहा हजार लिटर, अख्खा एक मोठा टँकर रिकामा होतो. एका एकरात चाळीस गुंठे, म्हणजे चाळीस टँकर. हे पाणी चोवीस तासांत आलं तर शेत पिऊन घेतं, नाल्यातून वाहून जातं. दोन तासांत आलं तर बांध फुटतो.

उरणच्या सखल भागात यात उधाणाची भर पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास साडेचार मीटरहून मोठी भरती असली की खाडीची पातळी वर येते आणि पावसाचं पाणी बाहेर जायला वाट उरत नाही. त्याच वेळी जोराची सर आली, तर एरवी न तुंबणारा रस्ताही तुंबतो. म्हणून अलर्टसोबत भरतीची वेळ बघण्याची सवय लावावी. कोळीवाड्यात ती सवय पिढ्यानपिढ्या आहे. ती भराव टाकून उभ्या राहिलेल्या नव्या वस्त्यांनाही तितकीच कामाची आहे.

आभाळ वाचण्याच्या काही खुणा

ॲप आलं म्हणून मान वर करून बघायचं सोडायचं नाही. आपल्या गावावरचं आभाळ आपल्याइतकं जवळून संगणकालाही दिसत नाही.

सगळं आभाळ एकसारखं राखाडी, कडा नाहीत, गडगडाट नाही, असं असेल तर ती झड. पाऊस मध्यम, पण तासन् तास. मातीत मुरत जाणारा हाच पाऊस डोंगराचा उतार सैल करतो.

पिंजलेल्या कापसासारखे सुटे ढग, तळ सपाट, मधून ऊन, हे उघडिपीचं लक्षण. पण तेच ढग दुपारी उंच वाढू लागले, फुलकोबीसारखे फुगले आणि माथा ऐरणीसारखा चपटा पसरला, तर तो विजांचा ढग. असा ढग दहा-बारा किलोमीटरच्याही वर जातो. त्यातून वीज, वादळी वारा आणि कमी वेळात भरपूर पाणी येतं.

आपल्याकडे हे विजांचे ढग मुख्यतः दोनदा येतात, मे महिन्यातल्या वळवाच्या वेळी आणि ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात. ते समुद्राकडून येत नाहीत. दुपारी सह्याद्रीवर तयार होतात आणि वरच्या पूर्वेकडच्या वाऱ्याने संध्याकाळी किनाऱ्याकडे सरकतात. म्हणून जुलैत पश्चिमेकडे बघायचं आणि ऑक्टोबरमध्ये पूर्वेकडे, कर्नाळ्याच्या सुळक्यामागे. भात कापून शेतात आडवं पडलं असेल आणि दुपारी तिकडे काळोखी दाटली, तर भारे झाकायला दोनेक तास हातात असतात.

वीज चमकल्यावर आवाज येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. शेत, होडी, झाडाखालची जागा लगेच सोडून पक्क्या घरात जावं.

ज्याचं काम, त्याचा अंदाज

'मौसम' ॲपवर हवामान खात्याचा अंदाज आणि इशारे मिळतात. शेतीच्या कामांसाठी 'मेघदूत' आहे, त्यात मंगळवारी आणि शुक्रवारी पीकसल्ला येतो. 'दामिनी' ॲप आपल्या जागेपासून २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजेचा इशारा देतं. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीच्या पातळीवरचा पाच दिवसांचा अंदाजही मिळू लागला आहे, तो 'मेरी पंचायत' ॲपमध्ये बघता येतो. चौकटीची मर्यादा त्यालाही आहेच, पण जिल्ह्याच्या एका रंगापेक्षा तो जवळचा.

मच्छीमारांसाठी बंदरावरचा बावटा हा शेवटचा शब्द. तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याचा धोका आहे. मोरा-भाऊचा धक्का लाँचसेवाही अशा वेळी थांबवली जाते. किनाऱ्यावर ऊन असलं तरी वारा आत समुद्रात असू शकतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा बावटा आणि इशारे आधीच लागले होते.

डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांनी एका दिवसाच्या रंगापेक्षा लागोपाठ किती दिवस पडतोय, ते धरून चालावं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. त्याआधी तीन दिवस तिथे सलग जोराचा पाऊस होता, आणि दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. सलग दोन-तीन दिवस झड लागली असेल, जमिनीला नवी भेग दिसली, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर पुढच्या मेसेजची वाट न बघता माणसं आणि गुरं हलवावीत. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तातडीच्या मदतीसाठी ११२.

पुढच्या वेळी 'रायगडला ऑरेंज' असा मेसेज आला, तर तो पुढे ढकलण्याआधी पाच गोष्टी बघाव्यात : कुठल्या भागासाठी आहे, 'तुरळक' आहे की 'बहुतांश', किती मिलिमीटर, भरती किती वाजता आणि रडारवर ढग कुठे आहे. याला दोन मिनिटं लागतात. त्यानंतर ऊन पडलं, तर अंदाज चुकला म्हणून हसण्यापेक्षा पाऊस माथेरानच्या डोंगरात उतरला का, ते बघावं. गाढीचं पाणी काही तासांत त्याचं उत्तर देतं.